आबांसाठी एकशे अठ्ठावीस कान

आबांना ऐकू येईनासं झालं त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. ते एका दिवसात गेलं नाही. आधी फोनवरचं गेलं, मग पाठीमागून बोललेलं गेलं, मग एकापेक्षा जास्त माणसं बोलायला लागली की सगळंच जायला लागलं. शेवटी उरलं ते एवढंच, की समोर बसून, तोंड नीट उघडून, एकेक शब्द मोठ्यानं म्हटला तर दहातले चार-पाच शब्द त्यांच्यापर्यंत पोचायचे आणि बाकीचे ते अंदाजानं भरायचे. अंदाज चुकला की घरात हसू व्हायचं. पहिली काही वर्षं तेही हसायचे.

घरातलं एखादं माणूस ऐकेनासं झालं की घर हळूहळू त्याच्यासमोर काहीही बोलायला लागतं. तसं कुणी ठरवत नाही. माझी वहिनी सासऱ्यासमोर कधी आवाज चढवणारी नव्हती; पण पुढं पुढं ती आबांच्या खुर्चीला टेकून उभी राहायची आणि त्यांच्याच खाण्याच्या तऱ्हा शेजारणीला सांगायची. तिच्या मनात वाईट काही नसायचं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, डॉक्टर काय म्हणाले ते आबांच्या समोर बसूनच फोनवर पाहुण्यांना सांगायचा. दवाखान्यात तर डॉक्टरही आबांना वगळून आमच्याशीच बोलायचे. आबा मधे बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायचे. एसटी स्टँडवर आपली गाडी कुठली ते न कळलेला माणूस प्रत्येक गाडीच्या पाटीकडे बघतो, तसे.

मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात आबांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. डिझेल इंजिनाची. पत्र्याच्या खोलीत इंजिन, इंजिनाला पट्टा, पट्ट्याला दगड, आणि दगडापासून हातभरावर आबा. दगडात ज्वारी चाललीय की गहू, दाणा ओला आहे का, झिजलेल्या दगडाला टाकी लावायची वेळ झालीय का, हे ते खोलीच्या बाहेर विडी ओढत बसूनही आवाजावरून सांगायचे. आणि त्याच आवाजानं रोज थोडं थोडं करून त्यांचे कान नेले. इंजिन जाऊन विजेची मोटार आली तोवर न्यायचं तेवढं नेऊन झालं होतं.

मी नांदेडला नोकरीला लागल्यावर त्यांना कानातलं मशीन घेऊन दिलं. दोन महिने त्यांनी ते लावलं. मग एकदा मी गावी गेलो तर ते डबीत घालून भिंतीतल्या देवळीत ठेवलेलं. कामून काढलं, असं हातवाऱ्यानं विचारलं, तर म्हणाले, "समदं मोठं होतंय रे. भांडं बी मोठं, पंखा बी मोठा, माणूस बी मोठा. माणूस तेवढा येगळा काढून देत न्हाई ते."

मी पुढं अनेक संशोधन-प्रस्ताव वाचले, काही लिहिलेही. अडचण काय आहे हे इतक्या कमी शब्दांत आणि इतकं बरोबर मांडलेलं त्यांतल्या एकातही नव्हतं.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाला एक प्रकल्प मिळाला. सभागृहात पुष्कळ माणसं एकदम बोलत असताना त्यातल्या हव्या त्या माणसाचा आवाज वेगळा काढायचा, आणि तोही तिथल्या तिथे, तो बोलत असतानाच. त्यासाठी आम्ही परातीएवढ्या गोल प्लायवूडवर एकशे अठ्ठावीस माईक बसवले. एकेक माईक हरभऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान. मुलांनी तीन महिने बसून ते जोडले. पुढचा एक महिना, त्यातल्या दोन माईकच्या तारा एकमेकांच्या जागी गेल्या आहेत हे शोधण्यात गेला.

यामागची गोष्ट साधी आहे. माणूस बोलला की त्याचा आवाज सगळ्या माईकपर्यंत एकाच क्षणी पोचत नाही. जवळच्याला आधी, लांबच्याला केसभर उशिरा. आपल्याला ज्या दिशेचा आवाज हवा, त्या दिशेचा हिशोब धरून लवकर आलेल्यांना तेवढं थांबवायचं आणि मग सगळ्यांची बेरीज करायची. त्या दिशेचा आवाज एकावर एक बसून ठसठशीत होतो. इतर दिशांचे आवाज एकमेकांत विस्कटून विरतात. तिथली माणसं बोलतच असतात. बेरजेत ती उरत नाहीत.

बेरीज साधी असली तरी करायची फार वेळा, आणि आवाज काही कुणासाठी थांबत नाही. इथं पंगतीचं उदाहरण मी वर्गात देतो. दोनशे पानं मांडलीत आणि वाढणारा एकटाच असला, मग तो कितीही चपळ असो, तर शेवटच्या पानावर वरण पोचेपर्यंत पहिला माणूस हात धुऊन घरी गेलेला असतो. त्याऐवजी वीस पोरं एकदम सोडायची, एकाकडे फक्त मीठ, एकाकडे फक्त पोळी. व्हिडिओ गेमसाठी बनवलेलं एक कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवतात, त्याच्यात अशी हजारो पोरं असतात. एकेकाची अक्कल बेताची, पण सगळी एकदम पळतात. त्यांच्या जोरावर आमचं यंत्र डोळ्याची पापणी लवायच्या आत वाढून मोकळं व्हायचं.

या यंत्राचं उद्घाटन झालं. मंडप, फेटे, शाली, आणि यंत्राहून मोठा बॅनर. पाहुण्यांच्या हस्ते कार्डाला हळदकुंकू वाहायचं ठरलं होतं, मी महत्प्रयासानं ते कॉम्प्युटरच्या डब्यावर थांबवलं. आवाजाच्या प्रकल्पाच्या त्या कार्यक्रमाचा पहिला पाऊण तास "हॅलो, हॅलो" करण्यात गेला, कारण भाड्यानं आणलेला माईक बोलत नव्हता. पाहुणे दीड तास बोलले. मागे बसलेली मुलं गप्पा मारत होती, पंखे खडखडत होते, तरी आमच्या यंत्रानं पाहुण्यांचं भाषण अगदी निवडून स्वच्छ काढलं. त्यात काही नव्हतं, तेही स्वच्छ ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून यंत्र कपाटात गेलं.

मग आई गेली.

आई असेपर्यंत आबांचं बहिरेपण आम्हाला पुरतं दिसलंच नव्हतं. बैठकीत ती त्यांच्या उजव्या हाताला बसायची, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि अर्ध्या तासाचं बोलणं तीन शब्दांत सांगायची. "सोयरे आलेत. पोरगी बघायचीय." बस. आबांना तेवढं पुरायचं. काय सांगायचं आणि काय गाळायचं ते तीच ठरवायची. एकदा शेताच्या बांधावरून भांडताना चुलते आबांच्या तोंडावर त्यांना बहिरं खोंड म्हणाले. आबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "चहा मागून राहिलेत." आबांनी लगेच चहा ठेवायला सांगितला, आणि चुलत्यांना तो प्यावा लागला.

ती गेल्यावर तिची जागा कुणी घेतली नाही. दादाला शेत होतं, वहिनीला गुडघ्याचं दुखणं होतं. आमची बहीण, आक्का, रेणापूरला तिच्या सासरी. मी नांदेडला. आबा खुर्चीत बसून असायचे आणि त्यांनी बोलणंही सोडलं. मी शनिवारी गेलो की माझ्याकडे बघून मान हलवायचे, एवढंच. दहा महिन्यांनी मी विभागप्रमुखांना अर्ज दिला की यंत्राची खेड्यातल्या घरात चाचणी घ्यायची आहे. चाचणी हा शब्द असला की अर्ज मंजूर होतात.

प्लायवूडची ती परात मी गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून नेली. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या पाइपला ती पालथी टांगली. कॉम्प्युटर आतल्या खोलीत पंख्याखाली, कारण गरम झाला की तो मान टाकायचा. लाइटचा भरवसा नव्हता म्हणून इन्व्हर्टर. वहिनीनंही त्याला हळदकुंकू वाहिलं, पण तिला त्यासाठी अर्धं मिनिट लागलं. आबांच्या खुर्चीच्या हाताला मी पंख्याच्या रेग्युलेटरची एक गोल मूठ बसवली आणि कानावर हेडफोन दिला. मूठ ज्या दिशेला फिरवाल तिकडचं माणूस ऐकू येणार. हे मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि मूठ फिरवली.

वहिनी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दादाला विचारत होती, की मामंजींना चहा साखरेचा द्यायचा की बिनसाखरेचा, डॉक्टर तर नको म्हणालेत.

"साखरेचाच दे," आबा म्हणाले.

वहिनीचा हात आधी डोक्यावरच्या पदराकडे गेला. कित्येक वर्षांत तो पदर आबांसमोर तिनं सावरला नव्हता. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. आबांनी तिचं रडणंही मूठ धरून नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता रडून राहिलीस का? चहा ठेव की."

पुढचे तीन-चार रविवार मी यंत्र घेऊन जात होतो. सोमवारी ते कॉलेजात परत जमा करावं लागायचं. त्या रविवारी आबा शेडमध्ये राजासारखे बसायचे. मूठ फिरवायचे, ऐकायचे, मधेच कुणाला तरी दुरुस्त करायचे. गावातल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सांगितलं की तू दहा वर्षांपूर्वीही हेच सांगत होतास, मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं ते बरंच होतं. घरातली माणसं रविवारी जरा जपून बोलायची. सोमवारी यंत्र गेलं की पुन्हा पहिल्यासारखी. हा फरक मला तेव्हा गमतीचा वाटला होता.

आईचं वर्षश्राद्ध रविवारी आलं. पाहुणे पुष्कळ होते. सकाळपासून आबा हेडफोन लावून खुर्चीत बसलेले. नवे येणारे पाहुणे त्यांना पाया पडायचे आणि दादाला विचारायचे, "काय, आबा गाणी ऐकून राहिलेत का?" दादाही हाव म्हणायचा, कुणाकुणाला समजावून सांगत बसणार. माझ्या चुकीचं मूळ मला तिथं सापडतं. बहिऱ्या माणसाला आपलं ऐकू येत नाही, ही आमच्या घराची जुनी सवय. कानाला हेडफोन लावलेला माणूस आपलं ऐकत नसतो, ही अलीकडे सगळ्यांना लागलेली नवी सवय. दोन्ही एकावर एक बसल्या. ज्यानं तो हेडफोन स्वतःच्या हातानं त्यांच्या कानावर चढवला होता, त्याच्याही मनात.

पंगती उठल्या, पाहुणे पांगले. उन्हं कलायला अजून अवकाश होता. शेडमध्ये सतरंजीवर आम्ही घरचेच उरलो. दादा-वहिनी, आक्का आणि तिचे यजमान, मी आणि माझी बायको. आबा आपल्या खुर्चीत, हातभर अंतरावर. वहिनीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, दोन-तीन महिने तिला उठबस जमणार नव्हती. तेवढे दिवस आबा कुठं राहतील, आणि पुढंही त्यांनी पाळीपाळीनं राहायचं का, असा विषय दादानं काढला. तो काढायला त्याला अवघड गेलं, हे त्याच्या घसा खाकरण्यावरून कळत होतं.

मी सांगितलं की आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आम्ही दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतो. आबा दिवसभर कुलपाच्या आत राहणार. दादा म्हणाला, इथं तरी दिवसभर कोण असतं, मी शेतात. आक्का म्हणाली की माझी ना नाही, पण बापानं लेकीच्या दारात राहायचं तर गाव तुमच्या तोंडात शेण घालेल. आमच्याकडे हे अजून तसंच आहे. लेकीकडे बाप दोन दिवस पाहुणा म्हणून जातो. दोन मुलगे असताना तो तिथं राहायला गेला, तर मुलग्यांनी मान खाली घालून बाजारातून जायचं.

बोलणं वाढत गेलं, सगळेच एकदम बोलायला लागले. आक्का लहानपणापासून माझ्यावर तोंड टाकणारी. ती म्हणाली, "आवाज धरायला येवढी मोठी मशीन ठिवायला जागा हाय तुझ्याकडं. बाप ठिवायलाच तेवढी न्हाई."

माझी बायको बसलेली. पाहुणे, म्हणजे आक्काचे यजमान, बसलेले. मला ते लागलं. मी म्हणालो, "अगं, आबांना कुठंही ठेवलं तरी सारखंच आहे. त्यांना कुठं काही ऐकू येतंय. घर कुठलं आणि सोबत कुणाची, त्यांना काय फरक पडतो."

या वाक्यावर कुणी हरकत घेतली नाही. दादानं तर मान डोलावली.

थोड्या वेळानं आबांनी हेडफोन काढला. त्याची वायर हातावर नीट गुंडाळली, खुर्चीवर ठेवली आणि ते उठून बंद गिरणीच्या खोलीकडे गेले. वहिनी म्हणाली, दमले असतील, सकाळपासून बसून आहेत. आम्ही ठरवलं की आधी तीन महिने माझ्याकडे, मग बघू.

चारच्या सुमाराला मी कॉम्प्युटर आवरायला बसलो. इतक्या गर्दीत यंत्र पहिल्यांदाच चाललं होतं. कार्डाची पोरं कुठं धापा टाकून मागे पडली का, ते मला बघायचं होतं. आमचा प्रोग्रॅम सेकंदा-सेकंदाची नोंद ठेवायचा. मूठ कुठल्या दिशेला आहे, आणि ती कधी फिरवली. हेडफोनमध्ये गेलेला आवाजही साठवला जायचा. सकाळी थोडा वेळ मूठ श्राद्धाच्या गुरुजींकडे होती. मग अर्धापूरच्या एका जुन्या दोस्ताकडे, जो केळीच्या बागेबद्दल बोलत होता. त्याच्याकडे फार वेळ नव्हती.

तिथून पुढं ती माझ्याकडे होती.

आधी मला ते कळलं नाही, कारण दिशा सारखी बदलत होती. मग लक्षात आलं की मी पंगतीत खीर वाढत फिरत होतो आणि मूठ माझ्यामागे फिरत होती. मी टोकाला गेलो की ती टोकाला. मी आत गेलो की मोकळ्या दारावर थांबून राहायची, बाहेर आलो की पुन्हा माझ्यावर. दोन तास आबांनी ती मूठ सोडली नव्हती. इतकी माणसं आली होती, इतक्या वर्षांनी इतक्यांचं ऐकता आलं असतं. ते मला ऐकत होते. मी पाहुण्यांना आग्रह करत होतो, अजून घ्या म्हणत होतो, कॉलेजातले किस्से सांगत होतो.

मी हेडफोन लावून दुपारचा तो भाग ऐकला. सतरंजीवर सगळे एकदम बोलत होते, पण त्या फाइलमध्ये तसं काही नव्हतं. दादाचं अवघडणं नव्हतं, आक्काचा टोमणा नव्हता. मूठ माझ्यावर होती, म्हणून यंत्रानं बाकीच्या सगळ्यांना विरवून टाकलं होतं. एवढं करण्यासाठीच आम्ही ते बनवलं होतं. उरलं होतं ते फक्त माझं बोलणं, मधे मधे शांतता सोडून. तिसरा मजला. लिफ्ट नाही. दिवसभर कुलपात. मी काय नाही म्हणतोय का. आणि मग ते वाक्य, शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ, जसं मी ते कुणी न विचारता, आपणहून, त्यांच्या कानाशी येऊन सांगितलं असावं.

आमच्या यंत्रानं त्याआधी आणि त्यानंतर इतका निर्मळ आवाज कधी काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी आबांच्या कानाला हेडफोन लावला. काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवत होतो, ते सगळं विसरून गेलो. "आबा," एवढंच म्हणालो. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या वरखाली झाल्या. यंत्र चालू होतं, मूठही माझ्याच दिशेला होती.

आबांनी थोडा वेळ वाट बघितल्यासारखं केलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"न्हाई चालून राहिलं तुझं मशीन," ते म्हणाले. "काय बी ऐकू येत न्हाई. काल बी सकाळधरनं बंदच होतं ते. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी बाहेर, अंगणाकडे बघितलं. आणि तिकडे बघूनच म्हणाले, "मला रेणापूरला सोड, तुझ्या बहिणीकडं."

दादा तिथंच होता. त्याचा चेहरा उतरला. आबांना अजून कुणी काही सांगितलेलंच नव्हतं, मग त्यांच्या मनात रेणापूर आलं कुठून? मुक्कामाला राहिलेली आक्का चहा घेऊन आली, तर तो तिच्यावर घसरला. तूच भरवलंस त्यांच्या कानात, म्हणाला.

"त्यांच्या कानात काय भरवू, दादा?" आक्का म्हणाली. "ढोल बडवू का?"

दादा हसला नाही. म्हणाला, तुला आमचं नाक कापायचं होतं, कापलंस. आक्कानं आबांच्या पायाला हात लावून शपथ घेतली की मी एक अक्षर बोलले नाही. आबा दोघांकडे आळीपाळीनं बघत होते, आधी बघायचे तसे. त्यांचं हे बघणं माझ्या माहितीचं होतं. आता त्यात काय आहे ते मला कळेना.

मला बोलायला हवं होतं. आक्कानं काही केलेलं नाही, हे सिद्ध करणारी फाइल आतल्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि ती ऐकायला एक मिनिटही लागलं नसतं. मी परात पाइपवरून उतरवली, गोधडीत गुंडाळली आणि गाडीत ठेवली. दादा आणि आक्का त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत. आक्का मला फोन करून रडते. खरंच रे, मी काही सांगितलं नव्हतं. मी म्हणतो, असू दे आक्का, दादाचा स्वभावच तसा.

कॉलेजात चाचणीचा अहवाल द्यायचा होता. वापरकर्त्याचा अभिप्राय, असा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं की वापरकर्त्यास काहीही ऐकू आले नाही. विभागप्रमुखांनी विचारलं की पडद्यावरची नोंद तर उत्तम दिसते, मग अडचण कुठं आली? मी म्हणालो, शोधतोय. त्यांनी सही केली. यंत्र पुन्हा कपाटात गेलं. मुलं पास होऊन गेली. पुढच्या बॅचला मी दुसरा विषय दिला.

वर्षश्राद्धानंतरच्या पुढच्याच रविवारी मी आबांना घेऊन निघालो होतो. त्यांची एक पत्र्याची पेटी आणि पांघरूण, एवढंच सामान. दादा शेतातून आलाच नाही. वहिनी दुखऱ्या गुडघ्यानं फाटकापर्यंत आली आणि आबांच्या पाया पडायला वाकता येईना म्हणून गाडीच्या दाराला हात लावून तिनं तो कपाळाला लावला.

जांबच्या पुढं रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे सोयाबीन काढून झालेली काळी रानं. आबा माझ्या शेजारी बसले होते, हात गुडघ्यावर, नजर समोर. काच खाली होती, वारा आत घोंघावत होता, इंजिनाचा आवाज होता. कानात मशीन घातलेल्या माणसालाही तिथं काही कळलं नसतं. तिथं मी बोलायला सुरुवात केली. समोर रस्त्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात, मी त्यांना सगळं सांगितलं. तुमची मूठ माझ्यामागे कशी फिरत होती ते मी पाहिलं, हे सांगितलं. आक्काचा दोष नाही हे सांगितलं. मी तसं कसं बोललो ते मला कळत नाही, म्हणालो. माझ्याकडं चला, तिसऱ्या मजल्यावर मी तुम्हाला पाठीवर घेऊन चढेन, हेही म्हणालो, आणि म्हणताना मला ठाऊक होतं की हे ऐकून कुणी हो म्हणणार नाही, कारण हे कुणी ऐकणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा बापाची माफी मागितली, तीही अशी जागा बघून, जिथं ती पोचणार नाही याची माझ्याइतकी खात्री दुसऱ्या कुणाला देता आली नसती. माझा तो धंदाच आहे.

शिरूरच्या फाट्यावर गाडी हळू झाली. आबांनी माझ्याकडे मान वळवली. माझे ओठ हलत होते ते त्यांनी किती वेळ बघितलं होतं, मला माहीत नाही.

"काय म्हनलास?" त्यांनी विचारलं.

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. आता वारा नव्हता, फाट्यावरही त्या वेळी वर्दळ नव्हती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, एकेक शब्द धरायला तयार होऊन.

मी तोंड नीट उघडून, मोठ्यानं, हातानं कप धरल्याची खूण करत विचारलं, "चहा घ्यायचा का?"

त्यांनी आणखी क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"घेऊ," आबा म्हणाले, आणि दार उघडायची कडी कुठं आहे ते हातानं चाचपायला लागले.